पाण्यातून काढलेले विष ठेवायचे कोठे?



पिण्याच्या पाण्यातून एखादा विषारी पदार्थ वेगळा करण्याची युक्ती सापडली, म्हणजे अर्धेच काम झाले असे समजावे. उरलेले अर्धे काम त्या वेगळ्या केलेल्या विषाची व्यवस्था लावण्याचे असते, आणि तेच बहुधा मागे पडते. स्वच्छ पाण्याची निकड प्रत्येक घराला रोज भासते. विषाच्या व्यवस्थेची निकड कोणत्याच घराला भासत नाही. तोटीतून निर्मळ पाणी येऊ लागले की गाव समाधान पावते, संयंत्र बसवणारे आपला अहवाल पुरा करतात, आणि संयंत्राच्या तळाशी साचणारा तांबूस गाळ कोठे जातो, हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तो तांबूस गाळ हाच आहे.

आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. पाण्यातील रोगजंतू उकळल्याने मरतात. पुष्कळशी सेंद्रिय विषे ऊन, हवा आणि काळ यांच्या योगाने विघटन पावतात. आर्सेनिकाचे तसे होत नाही. ते जाळले, पुरले, विरघळवले किंवा दुसऱ्या एखाद्या द्रव्याशी संयोग पावले, तरी अखेर आर्सेनिकच राहते. आपल्याकडे ते फार जुन्या ओळखीचे आहे: सोमल, हरताळ आणि मनशीळ ही त्याचीच संयुगे होत. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासण्याची पूर्वी रीत होती. त्या पिवळ्या लेपाखाली अक्षर दिसेनासे होई. परंतु कागदावरून ते जात नसे. पाण्यातून काढलेले आर्सेनिक परसात किंवा डबक्यात टाकून देणे हे याच प्रकारचे आहे. ते दृष्टीआड होते, एवढेच.

हा प्रश्न ज्या प्रदेशात सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, तो गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या गाळाने बनलेला बंगालचा त्रिभुज प्रदेश होय. तेथील खेड्यांतून पूर्वी तळी, पुष्करिणी आणि उथळ विहिरी यांचेच पाणी पिण्यात येत असे, आणि त्यातून पटकी, हगवण, अतिसार असे रोग पसरत. या रोगांना आळा घालण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव नलकूप, म्हणजे हातपंप बसवलेल्या कूपनलिका, खणण्यात आल्या. जमिनीखालचे ते पाणी जंतूंपासून बरेचसे मुक्त होते. परंतु त्यात आर्सेनिक आहे की काय, हे पाहण्याची कल्पना त्या वेळी कोणाला सुचली नाही. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालमधील रुग्णांत आर्सेनिकाच्या विषबाधेची लक्षणे आढळली. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे डाग पडत, तळहात व तळपाय यांची कातडी जाड आणि खरबरीत होई. पुढे काहींना त्वचेचा, मूत्राशयाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग जडे. जाधवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी यांनी १९८८ पासून गावोगावचे पाणी तपासून या विषबाधेची व्याप्ती दाखवून दिली. बांगलादेशात १९९३ साली चापाई नवाबगंज येथे आर्सेनिकयुक्त पाणी आढळले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा अंदाज दिला, की बांगलादेशातील साडेतीन कोटी ते सात कोटी सत्तर लक्ष लोकांना या पाण्यापासून धोका संभवतो. त्यानंतर २००२ साली बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझापट्टी या गावी, आणि पुढे उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातही हेच संकट उघडकीस आले.

भूगर्भातील या पाण्यात आर्सेनिक आले कसे, हे समजून घेतल्याशिवाय गाळाचा प्रश्न उलगडत नाही. हिमालयातील खडक झिजून जी माती व वाळू नद्यांबरोबर खाली आली, तिच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर होता. या गंजाला आर्सेनिक घट्ट चिकटून राहते. म्हणून जोवर तो थर शाबूत होता, तोवर आर्सेनिकही जागच्या जागी होते. परंतु या गाळाबरोबर पालापाचोळा आणि इतर वनस्पतिजन्य द्रव्येही थरांखाली गाडली गेली. त्यांच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जंतूंनी आसपासचा ऑक्सिजन संपवला, आणि तो संपल्यावर गंजातील ऑक्सिजनाचा वापर सुरू केला. रसायनशास्त्रात या क्रियेला क्षपण म्हणतात. क्षपण झालेले लोह पाण्यात विरघळते, आणि लोहाचा आधार सुटला की त्याला चिकटलेले आर्सेनिकही मोकळे होऊन पाण्यात उतरते. बंगालमधील अनेक नलकूपांचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते आणि भांड्यात थोडा वेळ ठेवले की तांबूस होते, याचे कारण हेच. विरघळलेल्या लोहाला हवा लागते आणि त्याचा पुन्हा गंज होतो.

शुद्धीकरणाच्या बहुतेक रीती या क्रियेची उलट दिशा धरतात. पाण्याला हवा देऊन, किंवा त्यात लोहाचे क्षार घालून, गंजाचे कण तयार करायचे. आर्सेनिक त्यांना चिकटले म्हणजे ते कण वाळूतून गाळून घ्यायचे. बांगलादेशात घरगुती वापरासाठी 'तीन कळशी' नावाचे जे साधे गाळणे प्रचारात आले, त्यात एकावर एक ठेवलेल्या मातीच्या कळश्यांमध्ये लोखंडाचा कीस, वाळू आणि कोळसा भरलेला असे. अबुल हुस्साम यांनी तयार केलेल्या 'सोनो' गाळण्यातही मुख्य काम लोहच करते. त्याला २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने दिलेले ग्रेंजर पारितोषिक मिळाले. मोठ्या संयंत्रांतून सक्रियित ॲल्युमिना किंवा लोहाचे ऑक्साइड धारण करणारे रेझीन वापरतात. साधन कोणतेही असो, निसर्गाने जमिनीखाली जी गाठ सोडली, तीच येथे माणूस जमिनीवर पुन्हा बांधत असतो. मग जेथे ती गाठ पुन्हा सुटेल अशा जागी तो गाळ ठेवू नये, हे ओघानेच आले. गाळाच्या विल्हेवाटीसंबंधीचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

या गाळाचे प्रमाण किती असते, याची कल्पना साध्या हिशेबाने येऊ शकेल. एखाद्या नलकूपाच्या दर लिटर पाण्यात ०.२ मिलिग्रॅम आर्सेनिक आहे असे धरू. बंगालच्या बाधित भागात असे पाणी दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ पासून सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम एवढी आहे, आणि भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादाही आता तीच आहे. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दर घरी दिवसाला ४० लिटर, याप्रमाणे २०० घरांना हे पाणी शुद्ध करून दिले, तर वर्षभरात सुमारे ५५५ ग्रॅम आर्सेनिक पाण्याबाहेर निघेल. त्याच पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम लोह असले, तर कोरड्या गंजाचा भार अदमासे २८ किलो भरेल. म्हणजे दोन-तीन गोण्यांत मावेल एवढ्या मालात अर्ध्या किलोहून अधिक आर्सेनिक असते. एवढ्या आर्सेनिकापासून जेवढा सोमल होईल, तो हजारो माणसांचे प्राण घ्यायला पुरेसा आहे. गंजाला बांधलेले आर्सेनिक सोमलाइतके त्वरित मारक नसते हे खरे. पण ते आपल्या गावात आहे आणि दरवर्षी वाढत आहे, हेही तितकेच खरे. याच हिशेबाची दुसरी बाजू आशादायक आहे. दोन-तीन गोण्यांचा प्रश्न हाताबाहेरचा नव्हे. त्याची नोंद ठेवता येते, त्याला जागा देता येते आणि त्याच्यावर लक्षही ठेवता येते.

प्रत्यक्षात मात्र हा गाळ सहसा सर्वांत जवळच्या खोलगट जागी जातो. संयंत्र उलट्या प्रवाहाने धुतले म्हणजे निघणारे तांबडे पाणी नालीत सोडण्यात येते, आणि नाली तळ्याला मिळते. घरगुती गाळण्यातील निकामी वाळू परसात, केराच्या खड्ड्यात किंवा उकिरड्यावर पडते. वरवर पाहता यात काही वावगे वाटत नाही. गंजाचा रंग मातीसारखा आणि वासही मातीसारखाच. परंतु तळ्याच्या तळाशी काय असते? कुजका पाला, काळा चिखल आणि हवेचा अभाव. उकिरड्याच्या पोटातही तेच असते. भूगर्भात ज्या स्थितीमुळे लोह विरघळले व आर्सेनिक सुटले, तीच स्थिती येथे तयार असते. फरक एवढाच, की येथील आर्सेनिक आधीच एकवटलेले असते. ज्या तळ्यात गावातील बाया धुणे धुतात, मुले पोहतात, आणि ज्यातील मासळी ताटात येते, त्याच तळ्यात ते हळूहळू उतरू लागते. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की ते शेतात पसरते. भूगर्भातून एकदा वर काढलेले विष अशा रीतीने गावाला दुसऱ्यांदा भेटते, आणि या वेळी ते भूपृष्ठावर, माणसाच्या अधिक निकट असते.

यावर असा आक्षेप घेण्यात येतो, की गाळाची रीतसर चाचणी घेतली असता तो निर्धोक ठरतो. या चाचणीचे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेत प्रचारात आलेल्या आणि टी.सी.एल.पी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत टाकाऊ पदार्थाचा नमुना सौम्य ॲसेटिक आम्लात सुमारे १८ तास घुसळतात. त्यातून निघालेल्या द्रवात लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आर्सेनिक आढळले, तर तो पदार्थ या कसोटीपुरता घातक ठरत नाही. भारतातील २०१६ च्या घातक कचरा नियमांतही आर्सेनिकासाठी याच आकड्याचा आधार घेतलेला आहे. शिसे किंवा कॅडमियम यांसारखे धातू आम्लात सुटतात, म्हणून त्यांच्यासाठी ही चाचणी ठीक आहे. आर्सेनिकाचा स्वभाव निराळा. सौम्य आम्लात ते लोहाला उलट घट्ट धरून राहते. ते सुटते अल्कधर्मी द्रवात, फॉस्फेटाच्या सान्निध्यात आणि विशेषतः हवा नसलेल्या जागी. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले, की कचऱ्याच्या भरावात प्रत्यक्ष जेवढे आर्सेनिक सुटू शकते, त्याचा अंदाज या चाचणीवरून कमी येतो. तेव्हा चाचणीचा दाखला मिळाला म्हणून गाळ वाटेल तेथे टाकण्यास मोकळीक मिळाली, असे मानणे चूक आहे.

गाळाचा काही उपयोग करता येईल काय, याचाही विचार झालेला आहे. बांगलादेशात तो शेणात कालवून ठेवण्याची रीत सुचवण्यात आली. शेणातील जंतू आर्सेनिकाचे काही प्रमाणात वायुरूप संयुगांत रूपांतर करतात, आणि ती संयुगे हवेत विरून जातात, अशी त्यामागील कल्पना होती. अशी क्रिया घडते हे खरे. तथापि ओल्या शेणाच्या ढिगात हवा पोचत नाही, आणि लोह विरघळून जाण्यास यापेक्षा अनुकूल जागा शोधूनही सापडणार नाही. जे वायुरूपाने गेले त्यापेक्षा जे पाझरून गेले तेच अधिक, असे होण्याचा संभव येथे मोठा आहे. दुसरी सूचना विटांची. मातीत थोडा गाळ मिसळून भाजलेल्या विटा बऱ्यापैकी टिकाऊ निघतात. परंतु भट्टीच्या उष्णतेत आर्सेनिकाचा काही अंश वाफ होऊन धुरावाटे जातो, आणि तो धूर भट्टीवरील मजुराच्या छातीत शिरतो. सिमेंटमध्ये गाळ बांधून टाकणे हा उपाय त्यामानाने बरा. तेथेही मिश्रणाचे प्रमाण, मुरवण्याचा काळ आणि त्या काँक्रीटचा पुढील वापर यांवर देखरेख हवी. ज्या काँक्रीटवर सतत पाणी साचते, किंवा जे पुढेमागे फोडून भराव म्हणून टाकले जाईल, त्यात गाळ घालणे शहाणपणाचे नव्हे.

पश्चिम बंगालमध्ये बेंगाल इंजिनिअरिंग कॉलेज आणि अमेरिकेतील लीहाय विद्यापीठ यांनी १९९७ पासून खेड्यांतून जी सामुदायिक संयंत्रे उभारली, त्यांत गाळाचा विचार आरंभापासून केलेला दिसतो. अरूप सेनगुप्ता, अनिर्वाण गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी या कामाचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध केला. हे संयंत्र हातपंपाला जोडलेले असून ते विजेवाचून चालते, आणि त्याचा कारभार गावची समिती घरोघरची लहानशी वर्गणी गोळा करून पाहते. संयंत्र धुताना निघणारे तांबडे पाणी नालीत न सोडता आवारातच भरड वाळूच्या उघड्या गाळणीतून नेतात. पाणी निघून जाते; गंजाचे कण वाळूवर राहतात व त्यांना सतत हवा लागत राहते. सक्रियित ॲल्युमिना किंवा रेझीन यांची शोषणशक्ती संपली, म्हणजे ते टाकून न देता एका मध्यवर्ती केंद्रात नेऊन दाहक सोड्याच्या द्रावणाने त्यांचे पुनरुज्जीवन करतात, आणि ते पुन्हा वापरात आणतात. धुवून निघालेले आर्सेनिक त्या द्रावणातून लोहाच्या साहाय्याने पुन्हा खाली बसवतात, आणि तो घट्ट साकाही हवेशीर वाळूच्या थरावर साठवतात. परिणामी, शोषकद्रव्य दर वेळी फेकून दिले असते तर जेवढा कचरा झाला असता, त्याच्या कितीतरी पटींनी कमी माल शिल्लक राहतो.

या पद्धतीचे मर्म तिच्या साधेपणात आहे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. हवा, निचरा, छप्पर आणि लक्ष ठेवणारा माणूस, एवढ्यांवर तिचे भागते. मोठ्या नगरांतील कचऱ्याच्या भरावात हा गाळ नेऊन पुरला, तर तो नजरेआड होईल; परंतु तेथे कुजणाऱ्या कचऱ्यामुळे हवा संपलेली असते. म्हणून घरगुती कचऱ्याबरोबर तो पुरण्यापेक्षा हवेशीर जागी उघड्या डोळ्यांसमोर ठेवणे अधिक सुरक्षित, असा काहीसा अनपेक्षित निष्कर्ष येथे निघतो. घातक कचऱ्यासाठी खास बांधलेल्या जागांची गोष्ट निराळी. पश्चिम बंगालमध्ये हल्दिया येथे तशी जागा आहे. पण मालदा जिल्ह्यातील गावापासून ती शेकडो किलोमीटर दूर पडते. दोन गोण्यांसाठी कोणी मालमोटार पाठवणार नाही. अनेक गावांचा साका एका केंद्रात जमा झाला, तरच ती वाहतूक परवडेल.

येथवर आल्यावर प्रश्न रसायनशास्त्राचा राहत नाही. तो कारभाराचा होतो. जाधवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगालमधील अनेक शुद्धीकरण संयंत्रे भरवशाची नसल्याचे दाखवून दिले होते. संयंत्र बंद पडले म्हणजे पाण्याची ओरड होते. त्याच्या पोटात राहिलेल्या शोषकद्रव्याबद्दल कोणी बोलत नाही. कालांतराने पत्रा गंजतो, भंगार गोळा करणारा टाकी उचलून नेतो, आणि आतील माल जागेवरच ओततो. त्याला त्यात काय आहे हे ठाऊक नसते, कारण टाकीवर तसे कोणी लिहिलेले नसते. अशी मालकी सुटलेली प्रत्येक टाकी म्हणजे नावगाव नसलेला विषाचा साठा होय.

यासाठी काही गोष्टी संयंत्र बसवण्यापूर्वीच ठरल्या पाहिजेत. गाळ कोणाच्या ताब्यात राहील, तो किती निघाला याची वही कोण ठेवील, आणि संयंत्र बंद पडल्यास आतील माल कोण परत नेईल, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे. गाळ ठेवण्याची जागा पुराच्या पातळीहून उंच, पक्क्या तळाची, वर छप्पर व बाजूंनी हवा असलेली असावी. तळे, विहीर आणि गोठा यांपासून ती दूर असावी. वाळलेल्या गाळाची धूळ उडू नये म्हणून तो किंचित दमट ठेवावा, पण पाण्यात बुडू देऊ नये. गाळ काढणाऱ्या माणसाला हातमोजे आणि नाका-तोंडावर बांधण्यास फडके द्यावे. हे काम बहुधा गावातील सर्वांत गरीब माणसाकडे येते, आणि त्याला या मालाचे नाव सांगण्याची तसदीही कोणी घेत नाही. जागेवर गावच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, आत काय आहे ते लिहावे. आणि या सर्वांचा खर्च पाण्याच्या वर्गणीतच धरावा. गाळाचा खर्च वगळून ठरवलेला पाण्याचा दर हा खोटा दर असतो. त्याची बाकी पुढची पिढी फेडते.

गाळ निर्माणच होऊ नये असे मार्गही आहेत, आणि शक्य तेथे त्यांनाच अग्रक्रम द्यावा. नदीचे पाणी शुद्ध करून नळाने पुरवणे, पावसाचे पाणी साठवणे, तपासणीत निर्दोष ठरलेल्या खोल थरातील पाणी घेणे, हे ते मार्ग होत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे ग्रामीण भागात नळाच्या पाण्याचा पुष्कळ विस्तार झाला आहे. तथापि जेथे जेथे गेल्या काही दशकांत आर्सेनिक काढणारी संयंत्रे चालली, तेथे तेथे त्यांचा गाळ शिल्लक आहे. नळ आला म्हणून तो नाहीसा होत नाही. नवी योजना येताना जुन्या संयंत्राची आवराआवर हा त्याच योजनेचा भाग असला पाहिजे.

सारांश, आर्सेनिकाला नष्ट करता येत नाही, केवळ सांभाळता येते. हिमालयाच्या मातीत ते गंजाला धरून निमूट पडलेले होते. हवा मिळत राहिली तर ते तसेच पडून राहते, हवा तुटली की उठते. गावच्या वाट्याला आलेल्या त्या दोन-तीन गोण्यांना हवा, उंच जागा आणि जबाबदार धनी या तीन गोष्टी मिळाल्या, तरच शुद्ध पाण्याचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.